मजुरीवर वाजवलेले सूर

व्यापाराच्या पानावर सुताचे भाव, चामडे, फर्निचर, बेकरी आणि गॅरेज यांच्याविषयी वाचण्याची वाचकांना सवय असते. आज ज्या धंद्याविषयी लिहीत आहे त्याचे दुकान नाशिकच्या बाजारपेठेत सापडणार नाही. त्याचा माल म्हणजे आवाज. गाण्याचा आवाज, वाद्याचा आवाज, आणि कित्येकदा गाणेही नाही आणि वाद्यही नाही असा आवाज: आगगाडीचा, पावसाचा, बाजाराचा, यंत्राचा. असा आवाज मुद्रित करून त्याची तबकडी, कॅसेट किंवा मोबाइलवर उतरवून घेता येणारी प्रत विकणाऱ्या छोट्या छोट्या संस्था जगभर आहेत. त्या धंद्यात त्यांना ‘लेबल’ म्हणतात. तबकडीच्या मधोमध जो गोल कागद असतो त्यावर छापलेले नाव म्हणजे लेबल. थानावरच्या छाप्यावरून आपण गिरणी ओळखायचो, तसेच या गोल कागदावरून संस्थेलाच ते नाव पडले.

गाणे-बजावण्याबाबत आपल्या समाजात मतभेद आहेत. त्यावर उलेमांनी बोलावे, कापडवाल्याने बोलू नये. पण एक गोष्ट कोणी नाकारणार नाही. सतार, तंबोरा, सारंगी, तबला, सनई बनवणारे, दुरुस्त करणारे आणि वाजवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या संख्येने आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत. कव्वाल आणि बँडवाले वेगळेच. त्यांच्या मेहनतीचा माल कोणत्या हिशेबाने विकला जातो, हे पाहणे या पानाचेच काम आहे.

लहान लॉटचा धंदा

मोठ्या संगीत कंपनीचे गणित आपण कॅसेटच्या जमान्यात डोळ्यांनी पाहिले. १९८० नंतर टी-सिरीजने स्वस्त कॅसेट गल्लीबोळात पोचवली, पानाच्या टपरीवरसुद्धा ती मिळू लागली, आणि एचएमव्हीची जुनी मक्तेदारी मोडली. लाखोंनी छापायचे, नगामागे थोडे कमवायचे, असा तो मामला. छोट्या लेबलचा मामला उलटा असतो. तिथे एका तबकडीच्या तीनशे-पाचशे प्रती निघतात, कॅसेट असेल तर पन्नास-शंभरही. गिऱ्हाईक एका गावात नसते. दहा टोकियोत, वीस-तीस बर्लिनमध्ये, चार बंगळुरूत, दोन पुण्यात. त्या सगळ्यांना मिळून लॉट संपला की तो पुन्हा निघेलच असे नाही, म्हणून घेणारा भावात घासाघीस करत नाही. येवल्याच्या पैठणीवाल्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

विक्रीचा मार्गही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’ नावाच्या बाजारात कोणीही आपला माल स्वतः मांडू शकतो. नुसती ऐकण्याची प्रत विकली तर ते साधारण १५ टक्के कापून घेतात, तबकडी किंवा कॅसेट विकली तर १० टक्के. बाकी रक्कम मांडणाऱ्याची. आपल्या धंद्यात आडत, दलाली, वटाव आणि उधारीची बुडीत रक्कम एकत्र केली तर हा दर फारसा जड वाटू नये. शिवाय पैसे आधी येतात आणि माल नंतर जातो. कापडाच्या व्यापाऱ्याला यापेक्षा मोठे सुख कोणते?

दुसरी कमाई जलशांची. मोठे सभागृह नसते. कॉलेजचा हॉल, चित्रांची गॅलरी, कधी एखादे गोदाम. ऐकायला पन्नास-शंभर माणसे. तिकिटातून भाडे निघते, आणि दाराशी टेबल मांडून त्या कलावंताच्या तबकड्या आणि कॅसेटी विकल्या जातात. नुकतेच कानांनी ऐकलेले लोक लगेच घेतात.

आणि तिसरी चीज म्हणजे मैदानी मुद्रण. स्टुडिओत न जाता, जिथे आवाज आहे तिथे यंत्र घेऊन जायचे. लंडनला १९८२ पासून ‘टच’ नावाचे असे एक लेबल आहे. त्यांच्यासाठी क्रिस वॉटसन या ध्वनिमुद्रकाने जंगलातल्या जनावरांचे आवाज मुद्रित केलेच, पण २०११ साली निव्वळ मेक्सिकोतल्या रेल्वेच्या आवाजाची तबकडी काढली. ज्या प्रवासी गाडीचा तो आवाज, ती पुढे बंद पडली. आवाज तेवढा विक्रीला राहिला.

हे वाचून कोणी हसेल. मलाही प्रथम हसू आले होते. मग मालेगावची आठवण झाली. साध्या यंत्रमागाचा धोटा इकडून तिकडे फेकला जातो तेव्हा जी खटखट होते, त्या आवाजात तिथल्या दोन-तीन पिढ्या झोपल्या आणि उठल्या. पाहुणा वैतागतो, आणि रहिवाशाला लाइट जाऊन माग थांबले की जाग येते. आता बिनधोट्याचे माग येत आहेत, त्यांचा आवाज वेगळा. धोट्याची खटखट वीस वर्षांनी ऐकायला मिळेल की नाही कोण जाणे. मालेगावच्या पोरांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हाही लोक हसले होते. पुढे त्या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट निघाला आणि त्यांचे नाव परदेशापर्यंत गेले.

मुंबईतली एक तबकडी

आता खुद्द मुंबईत घडलेली हकिगत. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. गिटार, बास, निरनिराळे की-बोर्ड, सगळ्यांवर हात चाले. शंकर-जयकिशनपासून राहुलदेव बर्मनपर्यंत अनेक संगीतकारांकडे त्यांनी काम केले. अशा वादकाला मुद्रणाच्या दिवसाचे पैसे मिळत. गाणे देशभर वाजले तरी तबकडीवर नाव गायकाचे, संगीतकाराचे आणि कवीचे. वादक हा वाद्यवृंदातला एक.

१९८० नंतर त्यांच्या हाती जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे आली. एक मोठा की-बोर्ड, ज्युपिटर-८. दुसरे टीबी-३०३, हे खर्जाचे स्वर आपोआप वाजवत राहणारे लहानसे यंत्र. तिसरे टीआर-८०८, ढोल-ताशाच्या जागी ठोके देणारे. या तिघांना एकमेकांशी जोडून त्यांनी भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. तालाला तबला नाही, तंबोरा नाही. खाली डिस्कोचा ठोका. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने १९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने ही तबकडी बाजारात आणली. खपली नाही. मला विचाराल तर कारण साधे आहे. राग ऐकणाऱ्याला डिस्को नको होता, आणि डिस्कोवर नाचणाऱ्याला भैरव कशाला हवा? दोन गिऱ्हाइकांसाठी एकच माल काढला की दोन्ही गिऱ्हाइके दुकानाबाहेर राहतात, हा अनुभव साडी आणि ड्रेस मटेरियल एकाच काउंटरला लावणाऱ्यांनी घेतलेला आहे.

गंमत अशी की ज्या यंत्रावर ते वाजवले, ते टीबी-३०३ सुद्धा पडेल माल ठरले. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीदार म्हणून जपानी कंपनीने ते काढले होते. गिटारवाल्यांनी घेतले नाही, १९८४ साली उत्पादन बंद झाले, आणि यंत्रे जुन्या मालाच्या दुकानांत मातीमोल भावाने पडली. तिथून ती अमेरिकेतील शिकागो शहरातल्या, खिशात फार पैसे नसलेल्या काळ्या तरुणांनी उचलली. त्यांनी त्याची बटणे वाटेल तशी फिरवून एक नवाच किरकिरता, वळवळता आवाज काढला. १९८७ साली ‘फ्यूचर’ नावाच्या त्यांच्या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी आली आणि त्या आवाजाला ‘अ‍ॅसिड हाउस’ असे नाव पडून युरोपभर त्याचे वेड पसरले. आज ते जुने यंत्र मूळ किमतीच्या कितीतरी पट देऊनही सहज मिळत नाही.

२००२ साली एडो बाउमन नावाच्या एका डच शौकिनाला दिल्लीत एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात चरणजित सिंग यांची ती तबकडी सापडली. ऐकून तो चाट पडला. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत कोणीतरी हे करून बसला होता! त्याने मुंबईत येऊन सिंग यांना गाठले, आणि २०१० साली आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या लेबलवर तबकडी पुन्हा काढली. परदेशी वृत्तपत्रांत लेख आले. काहींना तर हा बनाव वाटला. कोणीतरी आज मुद्रित करून जुने वर्ष टाकले असेल, असे ते म्हणू लागले. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातल्या मंचांवर तेच राग वाजवायला गेले. ऐकणारी पोरे त्यांच्या नातवंडांच्या वयाची. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

या हकिगतीत मला संगीतापेक्षा मालाचा प्रवास दिसतो. वीस वर्षे ती तबकडी कोणाच्या तरी दुकानात धूळ खात पडली होती, आणि त्या दुकानदाराने ती भंगारात घातली नाही, म्हणून पुढचे सगळे झाले. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या तबकड्या विकणारे आपले लोक आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला मोहम्मद रफींची गाणी नको असतात. कोणी ऐकली नाहीत अशीच हवी असतात, हे त्यांना केव्हाच उमगले आहे.

न खपणारा माल सांभाळण्याचे आणखी मोठे उदाहरण न्यूयॉर्कच्या मोझेस अ‍ॅश यांचे. १९४८ साली त्यांनी ‘फोकवेज’ लेबल काढले आणि लोकगीते, कारखान्यांचे आवाज, बेडकांचे आवाज, काय वाटेल ते छापले. दोन हजारांहून जास्त तबकड्या. त्यांतली एकही त्यांनी यादीतून काढली नाही. वर्षाला चार खपल्या तरी त्या मागवल्यावर मिळत. १९८६ साली ते वारले. त्यानंतर अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने १९८७ साली लेबल घेतले तेही सगळा माल कायम मिळत राहील या अटीवर. आपल्यापैकी किती जण सीझन संपल्यावर कट-पीसचा ढीग न करता एक एक डिझाईन जपून ठेवतात?

अहमदाबादच्या पेट्या

आपल्या कापडधंद्याशी थेट नाते असलेली एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. अहमदाबादच्या कॅलिको मिलचे मालक साराभाई. त्यांच्याच घरातल्यांच्या पुढाकाराने तिथे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन उभी राहिली. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तिथे मूग कंपनीचे विजेवर सूर काढणारे यंत्र बसवून स्टुडिओ चालू करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, आय. एस. माथूर, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर प्रयोग केले. तीन-चार वर्षांत ते बंद पडले आणि टेपची भेंडोळी संस्थेच्या संग्रहात जाऊन बसली. जवळजवळ पन्नास वर्षांनी इंग्लंडचे पॉल पुरगस यांनी ती शोधून काढली, आणि २०२३ साली लंडनच्या ‘स्टेट फिफ्टीवन’ या स्वतंत्र लेबलने ‘द एनआयडी टेप्स’ म्हणून त्यांची तबकडी काढली. टेपवर कोणी काय वाजवले ते लिहून ठेवलेले होते म्हणून आज तबकडीवर नावे छापता आली. मुद्दा नावाचाच आहे, आणि आता त्याच्याकडे वळतो.

मजुरी आणि मालकी

मालेगावात ज्याचे माग असतात तो पुष्कळदा कापडाचा मालक नसतो. सूत व्यापाऱ्याचे, विणून निघालेले ग्रे कापडही व्यापाऱ्याचे. मागवाल्याला मीटरमागे मजुरी. कापड पुढे दुप्पट भावाने गेले तरी त्याला दमडी जास्त मिळत नाही. या पद्धतीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवणार नाही. ज्याच्याजवळ भांडवल नाही, भाव पडल्यास तोटा सोसण्याची ताकद नाही, त्याची चूल या मजुरीवर पेटते.

पण कापड एकदाच विकले जाते. गिऱ्हाइकाने शिवले, वापरले, फाटले, संपले. मुद्रित केलेला आवाज मात्र आज विकून पुन्हा उद्या विकता येतो, वीस वर्षांनी दुसऱ्या देशात विकता येतो, सिनेमात घालता येतो, जाहिरातीत घालता येतो. त्याच्या मजुरीचा हिशेब कापडाच्या मजुरीसारखा एका दिवसात मिटवणे हा घाट्याचा सौदा आहे, आणि आपल्या देशात तो कायद्यानेच तसा मिटत आला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी काम करणाऱ्या संगीतकाराचा आणि गीतकाराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याकडे जातो असे ठरवले. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी गायकाला कायद्यात काहीच जागा नाही याकडे लक्ष वेधले होते. १९७९ साली मुंबई उच्च न्यायालयाने नटाच्या अभिनयावरही त्याला असा हक्क नाही असे म्हटले. म्हणजे १९८२ साली चरणजित सिंग वाजवत होते तेव्हा नुसते वाजवण्यातून वादकाचा काही हक्क तयार होतो, ही गोष्ट आपल्या कायद्यात नव्हतीच.

ती आली १९९४ च्या दुरुस्तीने. त्यात ‘कलावंत’ कोण याची व्याख्या मोठी मजेदार आहे. गायक, वादक, नर्तक तर आहेतच, पण डोंबारी, जादूगार आणि साप खेळवणारा गारुडीसुद्धा आहे. प्रथम हा हक्क पंचवीस वर्षांचा होता, १९९९ साली पन्नास वर्षांचा झाला. २०१२ साली जावेद अख्तर आदींच्या प्रयत्नांनी मोठी दुरुस्ती झाली. आता कलावंताच्या परवानगीशिवाय त्याचे गाणे-वाजवणे मुद्रित करता येत नाही, व्यापारी वापर झाल्यास त्याला स्वामित्वधनाचा हिस्सा आहे, आणि आपले नाव लावून घेण्याचा हक्क आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते कागदावर लिहिले नसेल तर पाच वर्षे धरली जातात. कोणत्या मुलुखासाठी ते लिहिले नसेल तर फक्त भारत. यातली शेवटची दोन वाक्ये वाचकांनी पुन्हा वाचावीत. परदेशी लेबलवाला कागद नीट न करता गेला असेल, तर अडचण त्याची आहे.

अर्थात खेड्यात हातभर यंत्र घेऊन कोणी पाहुणा येतो, म्हातारा फकीर किंवा सनईवाला दोन तास वाजवतो, पाहुणा चहा पितो, दोनशे-पाचशे रुपये हातावर ठेवतो आणि जातो, तेव्हा कायद्याचे पुस्तक कोणाजवळ असते? रेडिओवरचे, रस्त्यावरचे आवाज उचलून तबकड्या काढणारी लेबलेही जगात आहेत. अमेरिकेत सिएटल येथे २००३ साली सुरू झालेल्या ‘सब्लाइम फ्रीक्वेन्सीज’वर याच कारणाने टीका झाली. नाव माहीत नसलेल्या माणसाला हिस्सा कसा पोचवणार, असा त्यातला प्रश्न होता.

नाव लिहून घेणारे लोक

उलट बाजूची दोन उदाहरणे माझ्या मनात घर करून आहेत. पहिले आपल्या महाराष्ट्रातले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. विजेची गिरणी गावात आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी थांबली. ती पूर्ण थांबण्याच्या आत यांनी एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने १९९० च्या दशकात कित्येक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. हजाराहून जास्त गावे, तीन हजारांहून जास्त बाया. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव आणि गाव. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. त्यांची वही व्यवस्थित होती म्हणून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या मंडळींना २०१७ पासून या ओव्या लोकांसमोर आणता आल्या, आणि त्यासाठी जुन्या नावांवरून त्या बायांची घरे पुन्हा शोधता आली. हा धंदा नव्हता, हे खरे. परंतु धंदा करणाऱ्याने वही कशी ठेवावी, ते येथे शिकावे.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतले. सहारा वाळवंटातल्या मुस्लिम मुलखात, माली आणि नायजर या देशांत, इंटरनेट पोचण्यापूर्वी गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डावरून फिरत. आपल्याकडे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात वीस-तीस रुपयांत कार्ड ‘भरून’ मिळायचे, अगदी तसेच. क्रिस्टोफर कर्कली नावाचा एक अमेरिकन तरुण तिथे हिंडत असताना त्याने अशी कार्डे जमवली. त्यावरची गाणी ‘म्युझिक फ्रॉम सहारन सेलफोन्स’ या नावाने आपल्या ‘सहेल साउंड्स’ या लेबलवर काढण्यासाठी त्याने एक एक गाणारा शोधला. कार्डावर नाव अर्धवट, कधी चुकीचे, कधी नुसताच क्रमांक. त्यांतला एक गाणारा निघाला नायजरचा एमदू मोक्तार. डावखुरा. पहिले गिटार त्याने सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून स्वतःच बनवले होते. त्याची तबकडी निघाली, युरोप-अमेरिकेत जलसे झाले, आणि २०२१ साली त्याच्या ‘आफ्रिक व्हिक्टिम’ला ‘मॅटाडोर’सारख्या मोठ्या स्वतंत्र लेबलने हात घातला. कर्कलीने पत्ता शोधला नसता तर ते गाणे ‘अज्ञात कलावंत’ म्हणूनही खपले असते. माल तोच राहिला असता.

आपल्या देशात दिल्लीच्या ‘अमररस’ या लेबलने राजस्थानच्या मांगणियार आणि लंगा कलावंतांच्या घरी जाऊन मुद्रण केले. हे सगळे मुसलमान. कमायचा वाजवणारे साकर खान यांचे मुद्रण २०१२ साली आले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. सिंधी सारंगीचे लाखा खान यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तबकडीच्या कव्हरवर नाव कलावंताचे, फोटो त्यांच्या अंगणातला.

मिरजेचा तंबोरा

मिरजेत दीडशे वर्षांपूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी राज्ये आणि तलवारी गेल्यावर तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या. पंढरपूर भागातला भोपळा, लाकूड, आणि हाताचे कसब. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ साली वारल्यावर तिथल्या दर्ग्याच्या आवारातच दफन झाले; त्यांच्यामुळे किराणा घराण्याच्या गवयांची या गावात ये-जा वाढली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पैठणीला ते २०१० च्या सुमारासच मिळाले होते.

आता पाहा. त्याच किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ अमेरिकेत जाऊन राहिले. त्यांच्या तंबोऱ्यांचे १९८२ साली केलेले एक मुद्रण १९९९ साली न्यूयॉर्कच्या छोट्या लेबलने सीडीवर आणले. त्यात गाणे नाही, बंदिश नाही. तासाहून अधिक वेळ फक्त तंबोरा छेडलेला आहे, बाकी काही नाही. आणि ते विकत घेणारे लोक जगात आहेत! आपण ज्याला साथीचे वाद्य म्हणून मागे बसवतो, तोच तिथे मुख्य माल झाला. मग मिरजेच्या कारखान्यात जवारी लावताना स्वर हळूहळू कसा उघडत जातो, तो आवाज कारागिराच्या नावानिशी विकला जाणार नाही असे कोण म्हणेल? तारेखालच्या घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासायचा, दोरा सरकवायचा, ऐकायचे, पुन्हा घासायचे. हे काम शिकायला उमर जाते, आणि आजवर त्याचे पैसे फक्त वाद्याच्या किमतीत धरले गेले.

ज्यांच्या घरी किंवा कारखान्यात असा यंत्रवाला पाहुणा येईल त्यांच्यासाठी थोडे कामाचे. छोट्या लेबलकडे रोकड कमी असते, म्हणून भरमसाट रकमेची अपेक्षा ठेवून चांगला सौदा मोडू नये. या धंद्यात दोन रीती रूढ आहेत. एक, छापलेल्या प्रतींपैकी ठरलेला हिस्सा, समजा तीनशेतल्या तीस-चाळीस, कलावंताला द्यायच्या. त्या त्याने जलशात विकाव्यात. दुसरी, खर्च वसूल झाल्यावर नफा निम्मा-निम्मा. दुसरी रीत आपल्याकडच्या मुजारबतच्या जवळची आहे, भांडवल एकाचे आणि मेहनत दुसऱ्याची. मात्र तिच्यात खर्चाचा हिशेब पाहण्याचा हक्क कागदात आलाच पाहिजे, नाहीतर खर्च कधी वसूलच होत नाही, हे भागीदारीत पोळलेल्याला सांगायला नको. सिनेमा आणि जाहिरातीसाठी वापर झाल्यास वेगळी परवानगी, असे एक वाक्य असावे. नाव कसे लिहायचे तेही आपणच लिहून द्यावे; इंग्रजीत आपल्या नावांची काय दशा होते ती पासपोर्टवर पाहतोच. कागद मराठीत किंवा उर्दूत मागायला लाजू नये. इंग्रजी कागदावर सही करून मागाहून भाचाकडून वाचून घेणारे व्यापारीही मी पाहिले आहेत.

स्वतः मुद्रण केले असेल तर त्याची दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंद करता येते. नोंद सक्तीची नाही. ध्वनिमुद्रणाची फी दोन हजार रुपये ठरलेली आहे आणि अर्ज घरबसल्या होतो. एवढे करायचे नसेल तरी मुद्रण झाले त्याच दिवशी, यंत्र पिशवीत जाण्यापूर्वी, दोन प्रतींवर दोघांच्या सह्या व्हाव्यात, आणि मूळ मुद्रणाची एक नक्कल आपल्या पेनड्राइव्हमध्ये मागून घ्यावी.